तीनदा मागितलं

विजयमाला सिस्टरांच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती, आणि हे त्या चारचौघांत सांगतही असत. कोरेवाडीच्या सरकारी दवाखान्यात नव्या पोरी त्यांच्याच हाताखाली शिकायच्या.

त्या दिवशी पुण्याहून तपासणीचं पथक यायचं होतं. सकाळपासून सिस्टरांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या तक्त्यांत, रजिस्टरांत आणि कपाटातून काढलेल्या कोऱ्या चादरींत. प्रसूतिगृहात एकच बाई होती, अपेक्षा. वीस-एकवीस वर्षांची पहिलटकरीण. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, त्यामुळं सोबतीला सासू राहीबाई.

"आवं सिस्टर, मला लघवीला जायाचं हाय," आठच्या सुमारास अपेक्षा म्हणाली.

"सलाईन लावलंय ना? आता उठायचं नाही."

तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं. बेडपॅन द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण कोरी चादर भिजेल, खोलीत वास सुटेल, आणि पथकानं तर फलटण सोडलेलं.

"थांब जरा. साहेब लोक येऊन जाऊ देत."

तिसऱ्यांदा विचारताना ती रडकुंडीला आली होती. शिकणाऱ्या पोरी, सासू, सगळ्यांदेखत सिस्टर खेकसल्या, "एवढं सोसवत नाही, तर मूल कसं जन्माला घालणार?"

त्यानंतर अपेक्षानं पुन्हा मागितलं नाही.

पथक आलं, तोंडभर कौतुक करून गेलं. दुपारी एक वाजता सिस्टरांनी तपासलं. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडलेलं, कळा जोरात, पण बाळाचं डोकं वरच अडलेलं. तासभर वाट पाहिली. बाळाचे ठोके मंदावायला लागले तसे दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, "साताऱ्याला हलवा. सिझर करावं लागेल."

सिस्टर स्वतः रुग्णवाहिकेत चढल्या. पुसेगावच्या अलीकडं राहीबाई भीतभीतच बोलली, "सिस्टर, रागावू नगा. पोरगी सकाळधरनं एकदा बी लघवीला गेली न्हाई. त्येच्यामुळं तर न्हवं?"

सिस्टरांनी अपेक्षाच्या ओटीपोटावर हात ठेवला. तिथं टणक, फुगलेला गोळा. दर दोन तासांनी लघवी झाली का बघायचं, भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं, हे त्यांनी कितीतरी पोरींकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी चालक नाथाजीला गाडी कडेला घ्यायला लावली आणि लघवीची नळी घातली. भांडं बघता बघता भरलं. पाचव्या-सहाव्या कळेला डोकं खाली सरकलं, आणि तिथंच, उभ्या गाडीत, मुलगी झाली. तिनं टाहो फोडला.

देखरेखीसाठी मायलेकींना साताऱ्याच्या रुग्णालयात ठेवून घेतलं. नाथाजीनं काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपांवर फिरला. सिस्टरांनी रुग्णवाहिकेत बाळंतपण केलं, दोन जीव वाचवले! अभिनंदनाचे फोन थांबेनात. सिस्टरांनी दवाखान्याच्या डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं.

"मायलेकी सुखरूप आहेत ना?" ते म्हणाले. "मग सोडा हो."

सिस्टरांना ते सोडवलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या साताऱ्याला गेल्या. राहीबाईनं लगबगीनं त्यांना स्टूल दिलं, चहाचा कप पुढं केला. सिस्टर बसल्या नाहीत.

"अपेक्षा, तू लघवीला जायला तीनदा मागितलंस. मी उठू दिलं नाही. म्हणून बाळ अडलं. चूक माझी होती."

अपेक्षा पदराशी चाळा करत राहिली. "मला वाटलं, माजंच चुकलं. सारखी सारखी मागत व्हते. सगळ्यांम्होरं बोलला तुमी, लय लाज वाटली."

राहीबाईनं कप खाली ठेवला.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं, आसं केल्यानं अडतं म्हणून?"

"हो."

"मंग का?"

खोटं बोलायची अजूनही सोय होती. गर्दी होती, माणसं कमी होती, काहीही चाललं असतं.

"चादर भिजली असती," सिस्टर म्हणाल्या. "तपासणी होती."

शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. राहीबाईनं नातीला उचलून छातीशी धरलं आणि पाठ फिरवली. अपेक्षा अजून पदराचं टोक चिमटीत धरून बसली होती.

सिस्टर तशाच उभ्या होत्या. आता बसा म्हणून कुणी म्हटलं नाही.