ड्रायव्हरकाकांच्या दारातला उतार

मित्रांनो, या घराच्या दाराशी जो जुना, करडा, कडेला जरा तुटलेला सिमेंटचा उतार दिसतो ना, तो मी. आधी मी डोंगरातली चुनखडी होतो. मला फोडलं, मातीबरोबर भट्टीत भाजलं, पिठासारखं दळलं आणि गोणीत भरलं. मग एका गवंड्याच्या हातगाडीवर बसून मी इथे आलो.

तेव्हा इथे तीन पायऱ्या होत्या. घरातल्या काकांनी सगळा जन्म बस चालवलेली, म्हणून गल्ली त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणायची. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि चाकांची खुर्ची नशिबी आली. एकदा दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या उतरवताना खुर्ची कलंडली. लागलं फारसं नाही, पण सगळी गल्ली बघत होती. त्या दिवसापासून काकांनी उंबरा ओलांडला नाही.

मुलगा नोकरीसाठी परगावी. घरात काका आणि सूनबाई, दोघंच. पायऱ्यांवर उतार करून घ्यायला सूनबाईनेच गवंड्याला बोलावलं.

"मला काय पोतं समजलीस, घसरगुंडीवरून सोडायला?" काका कडाडले. "मोडून टाक ते!"

"बाबा, आधी होऊ तर द्या. मग मोडू."

गवंड्याने मला वाळू-खडीत कालवलं, थापीने सारखं केलं आणि चाकं घसरू नयेत म्हणून अंगावर झाडूने आडव्या रेघा ओढल्या. जाताना बजावलं, "ताई, आठवडाभर पाणी मारा हं. वरून वाळला म्हणून फसू नका."

लोकांना वाटतं, सिमेंट वाळलं की घट्ट होतं. तसं नाही, मित्रांनो. पाणी पिऊनच मला बळ येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने मला भरपूर भिजवलं आणि ती शिवणाच्या कारखान्यात कामाला गेली. दुपारी मात्र ऊन असं तापलं की माझं अंग पांढरं फटक पडलं. काठाला केसासारखी भेग दिसू लागली. काका दारात बसून माझ्याकडे रागानेच बघत होते. बराच वेळ बघितल्यावर पुटपुटले, "रेडिएटर कोरडा पडलाय याचा."

त्यांनी डाव्या हाताने चाक ढकललं, डाव्या पायाने जमीन रेटली. खुर्ची भिंतीला धडकली, वाकडी झाली, पण नळापर्यंत गेली. तिथून पाण्याने भरलेला तांब्या मांडीवर ठेवून ते परत आले. निम्मं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं, निम्मं मला मिळालं. "पी बाबा, पी," म्हणाले, आणि पुन्हा नळाकडे वळले.

संध्याकाळी सूनबाई दारातच थबकली. "अगं बाई! बाबा, पडलात की काय? ओलेचिंब झालात!"

"पडतोय कशाला? तुझ्या उताराला पाणी पाजलं. एकट्याने."

"मोडायचा होता ना?"

"मोडायचा तर मोडू. पण आपल्या हयगयीने कच्चा राहिला, असं नको."

सूनबाईने कोरडा सदरा आणून दिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मात्र भरलेली बादली दाराशीच ठेवून गेली.

आठवडा सरला. काका नवा सदरा घालून तयार झाले.

"मी मागून धरते, बाबा."

"धर. ब्रेक तुझ्याकडे, स्टिअरिंग माझ्याकडे."

चाकं माझ्या अंगावरच्या रेघांवरून खडखडत, न घसरता खाली उतरली. गल्लीच्या वळणावर काकांनी तोंडाने हॉर्न वाजवला. सगळी गल्ली हसली, आणि सर्वांत मोठ्याने काका.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सूनबाईचे केस पिकले. समोरच्या घरातली तिची मैत्रीण वॉकर धरून रोज माझ्यावरून चढून येते. परवा कुणीतरी "पाचच मिनिटं" म्हणत माझ्या पायथ्याशी स्कूटर आडवी लावली. मैत्रीण आली, थांबली. हाक मारायचाही तिला संकोच वाटला. जरा वेळ उभी राहून ती मागे फिरली. आत सूनबाई तिची वाट बघत बसली होती.

मित्रांनो, नवं सिमेंट दिसलं तर त्याला घोटभर पाणी पाजा. आणि माझ्यासारखा उतार दिसला, तर गाडी जरा पुढे नेऊन लावा. तेवढी चार पावलं तुम्हाला चालता येतात.