अठ्ठ्याण्णव अंश

मृणाल पहाटे हॉस्पिटलमध्ये वारली. दुपारपर्यंत फरीदाबादच्या कामगार वस्तीत बातमी पोचली. तिथल्या मुलांना तिने अकरा वर्षं दर रविवारी विज्ञानाचे प्रयोग शिकवले होते.

संध्याकाळी शिवांगी आली. ती पहिल्या तुकडीतली, आता मानेसरच्या एका कारखान्यात ब्रेकच्या सुट्या भागांची मापं तपासायची. मृणालच्या नवऱ्याने, पद्माकरांनी दार उघडलं. दहा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. माप चुकलेलं दिसत असताना तिने 'बरोबर' असं लिहायला नकार दिला, म्हणून तिला घरी बसवलं होतं. माफीनाम्यावर सही केली तर परत घेणार होते.

"काका, मॅडमना विचारा ना, सही करू का?"

पद्माकर "विचारतो" म्हणाले होते. पण मृणालला तेव्हा पाणीही गिळवत नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही.

शिवांगीने न सांगता चहा टाकला. "पहिल्या दिवशी पाणी उकळलं होतं, काका. पुस्तकात शंभर, म्हणून सगळ्यांनी शंभर लिहिलं. थर्मामीटर दाखवत होता अठ्ठ्याण्णव. मॅडमनी सगळ्यांचे खोडरबर काढून घेतले. दिसलं तेच लिहायचं!" ती जराशी हसली. "मम्मी म्हणते, तुझ्या मॅडमनीच तुझी नोकरी खाल्ली."

"बरोबर म्हणते."

"अच्छा? तुम्ही पण?" तिने कप खाली ठेवला. "मॅडम काही म्हणाल्या का? सहीचं?"

घरात कमावणारी ती एकटीच. पद्माकर म्हणाले, "करून टाक म्हणाली."

"मॅडम? असं म्हणाल्या?"

"हो."

"बिल्कुल असंच?"

"शेवटी माणूस थकतो गं."

ती कप विसळून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

आता तीन महिने झाले. रविवारचा वर्ग पुढे शिवांगी चालवेल, असं मृणाल धरून चालली होती. पद्माकरांनी परवा फोन करून विचारलं.

"नको काका. मी काय शिकवणार आता? सुपरवायझर सांगतो तो आकडा लिहिते. मॅडमनीच सांगितलं ना."

पद्माकर "बरं" म्हणाले. वर्ग बंद आहे. मृणाल असं काही म्हणाली नव्हती, हे त्यांनी शिवांगीला अजून सांगितलेलं नाही.