पान एकेचाळीस

प्रुफं नीट तपासायची तर दोन माणसं लागतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून मुकाट पुढे सरकायचं. परिच्छेद संपला की वाचणाऱ्याने विचारायचं, "जुळलं?" समोरच्याने म्हणायचं, "जुळलं." घरातल्या मधल्या लेकीने, जिला सगळे मधलीच म्हणत, उभा जन्म या कामात घातला होता. गेली अकरा वर्षं तिच्यासमोर वाचायला बसायची ती तिची आई. वय शहात्तर, आवाज खणखणीत. मजकुरात गुंतायचं नाही हा आईचा खाक्या. प्रेमपत्र असो की पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक, सूर एकच.

आज मात्र पुस्तक घरचं होतं. आईच्या माहेरचा इतिहास. हौस थोरल्या मामांची, मेहनत मधलीची. मुखपृष्ठावर आजोबा, म्हणजे आईचे अण्णा, पाणीपुरवठा खात्यातले बडे इंजिनिअर, कॅमेऱ्यालाही हुकूम सोडल्यासारखे बघणारे. छापखान्याचा माणूस पाचला यायचा होता. तीन वाजले होते, आणि पान एकेचाळीस जवळ येत होतं.

त्या पानावर छोटू होता, आईचा धाकटा भाऊ. चार वर्षांचा असताना अंगणातल्या पाण्याच्या टाकीत पडून गेला. घराला ठाऊक असलेली हकिगत एवढीच, की झाकण उघडं राहिलं होतं आणि ते ठेवलं होतं नऊ वर्षांच्या आईने. त्यावरून तिला कोणी कधी टाकून बोललं नाही. गरजच पडली नाही. सदुसष्ट वर्षं ती झाकणं लावत फिरत होती, स्वतःच्या घरातली, शेजारच्या घरातली, परक्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचीसुद्धा. पोरी तिची थट्टा करायच्या. त्या थट्टेची आता मधलीला लाज वाटत होती.

कारण जुन्या कागदांत तिला आजोबांचा पोलिसांपुढचा जबाब सापडला होता. तो तिने जसाच्या तसा पुस्तकात उतरवला. आणि आज सकाळी थोरल्या मामांचा फोन आला.

"ज्या माणसाने जन्मभर गावांना पाणी पाजलं, त्याच्या पुस्तकात तू हे घालणार? जन्म, मृत्यू, हुद्दे, बास. आणि जरा तुझ्या आईचा विचार कर. या वयात तिला कळून काय मिळणार?"

शेवटचं वाक्य वर्मी बसलं. मधली भ्याली. हिरवं पेन घेऊन तिने प्रुफावरचा तो परिच्छेद खोडला, आणि सुटले एकदाची असं तिला वाटलं. पण मूळ कागदाला हात लावायचा नाही, ही तीस वर्षांची सवय. तिथे तो परिच्छेद ठणठणीत होता, आणि ते कागद आता आईच्या हातात होते. लेकीचं अक्षर ती आज पहिल्यांदाच वाचत होती. मधलीच्या हे ध्यानात आलं तेव्हा आईने पान उलटलंसुद्धा होतं.

"आई, थांब. चहा टाकते."

"ओळ अर्धी सोडू नये, तूच सांगतेस." आणि आई त्याच सुरात वाचू लागली. "जबाबात वडील म्हणतात दोन टिंबं झाकण मी उघडले होते पूर्णविराम पाण्याची पातळी मोजायची होती स्वल्पविराम म्हणून पट्टी आणायला घरात गेलो पूर्णविराम तिथे फोन आला आणि मी झाकण विसरलो पूर्णविराम मुलांपैकी कोणीही टाकीपाशी नव्हते पूर्णविराम."

आवाज कुठे अडखळला नाही.

"जुळलं?" आईने विचारलं.

मधलीने प्रुफावर तळवा ठेवला. आईने हात लांब करून प्रूफ ओढून घेतलं आणि हिरवी काट पाहिली.

"मी खोडलं, आई. मामा नको म्हणाले."

"कागद कुठे मिळाला?"

"मामांच्याच पेटीत. मला पेटी देताना काढून ठेवायचा राहिला असेल."

आईने चष्मा उतरवला, पदराने पुसला, पुन्हा चढवला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"त्या संध्याकाळी अण्णांनी मला मारलं नाही," ती म्हणाली. "जवळ घेतलं. म्हणाले, पुन्हा असं करू नकोस. मी जन्मभर त्यांना देवमाणूस समजले. मारलं नाही म्हणून."

मधलीला रडू आवरेना. आई रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर आला होता तो राग, आणि लेकीने तो आजवर कधी पाहिला नव्हता.

"खोडलेलं परत ठेवायचं तर काय करता तुम्ही?"

"खाली टिंबं देतो."

"दे. आणि एक ओळ वाढव. त्या संध्याकाळी ते मुलीला म्हणाले स्वल्पविराम पुन्हा असं करू नकोस पूर्णविराम."

"मामा पुस्तक थांबवतील."

"थांबवू दे. आधी लिही."

मधलीने समासात ओळ लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं. आईने प्रूफ स्वतःपुढे घेतलं, मूळ कागद लेकीकडे सरकवले आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"आता तू वाच."

मधलीने वाचलं, सगळ्या विरामांसकट. जबाब संपला, समासातली ओळ तिने पाठच म्हटली.

"जुळलं?"

आईचं बोट शेवटच्या पूर्णविरामाखाली थांबलं.

"जुळलं," ती म्हणाली.