भोंग्याचा राखणदार

मित्रांनो, मला जुना म्हटलं तर राग येत नाही. जुना तर मी आहेच. पण बिनकामाचा म्हटलं की माझा पंखा आपोआप जोरात फिरू लागतो. मी एक संगणक आहे. पारनेरच्या एका लहानशा कार्यालयात खिडकीखाली बसून मी दोन नव्या कोऱ्या सर्व्हरवर पहारा ठेवतो. ते दोघे काचेच्या थंडगार खोलीत आणि मी बाहेर धुळीत. तरी त्यांची तब्येत कशी आहे, हे विचारायला सगळे माझ्याकडेच येतात.

माझा जन्म नगरच्या एका दुकानात झाला. माझ्या कपाळावर कोणत्याही मोठ्या कंपनीचं नाव नाही. चार ठिकाणचे सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि एका शाळेत धाडलं. तिथे मी अकरा वर्षं दाखले आणि निकालपत्रकं छापली. मुख्याध्यापकबाई पाहुण्यांना मला दाखवून म्हणायच्या, ‘एकदाही अडला नाही हो हा!’ मग नवे चपटे संगणक आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. उंदरांनी माझी वायर कुरतडली. तीन वर्षं कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. त्या दिवसांची आठवण मला आजही नको वाटते.

तिथून मला आरतीताईने खाली उतरवलं. ती या कार्यालयाची यंत्रणा सांभाळते. आमच्या नदीकाठच्या अकरा गावांत ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. म्हणून गावोगावी उसाच्या कडेला कॅमेरे लावलेत. कॅमेऱ्याचा फोटो सर्व्हरकडे येतो. फोटोत कुत्रं आहे, वासरू आहे की बिबट्या, हे सर्व्हर ओळखतो आणि बिबट्या असला तर त्या गावचा भोंगा वाजवतो. हे काम क्षणभरही थांबून चालणार नाही, म्हणून सर्व्हरची जोडी आहे. एक राबतो आणि दुसरा तयार होऊन बसलेला असतो. पहिला पडला की दुसऱ्याने लगेच काम उचलायचं.

पण पहिला पडला, हे सांगणार कोण? हे सर्व्हर ज्या कंपनीने दिले, तिचे इंजिनिअर पार्थसाहेब म्हणाले, “देखरेखीचा प्रोग्राम याच सर्व्हरवर टाकून देऊ.”

“आन सर्व्हरच बसला तर?” आरतीताई म्हणाली. “त्याच्यासंगं राखणदार बी बसंल की! राखणदार येगळाच पायजे.”

असा मी कामाला लागलो. पार्थसाहेबांनी मला शिकवलं ते इतकंच, की दर मिनिटाला दोघांना विचारायचं, ‘जिवंत आहेस का?’ ते म्हणायचे, ‘आहे.’ मी हिरवा दिवा दाखवायचो. महिनाभर मी तो दिवा मोठ्या ऐटीत मिरवला.

आणि एका दुपारी बन्सी नावाचा शेतकरी थेट कार्यालयात आला. कॅमेऱ्यासमोरून बिबट्याने त्याची शेळी नेली होती आणि भोंग्याने हूं की चूं केलं नव्हतं. आरतीताईने तपासलं. सर्व्हर जिवंत होता, पण त्याच्यातली फोटो ओळखणारी सेवा सकाळपासून गोठून पडली होती. मी मात्र हिरवाच होतो. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आरतीताईने मला नवा प्रश्न शिकवला. आता दर पंधरा मिनिटांनी मी बिबट्याचा एक साठवलेला फोटो सर्व्हरकडे पाठवतो. त्यावरचा हुकूम फक्त माझ्याकडे येतो, गावात भोंगा वाजत नाही. दहा सेकंदांत ‘भोंगा वाजवा’ असा हुकूम निघाला नाही, तर मी लाल होतो, शिट्टी मारतो आणि दुसऱ्या सर्व्हरला उठवतो. पुढे दोनदा पहिला अडकला आणि दोन्ही वेळा अर्ध्या मिनिटात दुसऱ्याने काम उचललं. गावांना पत्ताही लागला नाही. सगळं सुरळीत असलं की राखणदाराची आठवण कोणाला येत नाही, याची मला सवय आहे.

तरी आरतीताईचं समाधान होईना. हुकूम निघतो, पण भोंगा कोणाला ऐकू जातो का? एका गावाच्या शिवेवर ऊसतोडीची टोळी उतरली होती. पाथर्डीकडची माणसं, उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत राहणारी. दिवसभर मोठी माणसं फडात आणि लेकरं कोप्यांपुढे उघड्यावर. त्या टोळीतल्या रतनबाई नात लहान म्हणून कोपीवरच थांबायच्या. आरतीताईने त्यांना विनंती केली, की रोज चार वाजता चाचणीचा भोंगा दहा सेकंद वाजेल, तो ऐकू आला की मला जोडलेल्या फोनच्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा.

“येवढंच ना?” रतनबाई म्हणाल्या. “देते की. माझी मोनिका हितंच खेळती, मलाच गरज हाय.”

चार वाजून पाच मिनिटांपर्यंत तो मिस्ड कॉल आला नाही, तर मी लाल व्हायचं, असं ठरलं. चाळीस दिवसांत रतनबाई एकदाही चुकल्या नाहीत. काचेच्या खोलीतल्या त्या दोघांपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा बसला. हे मी कोणालाही न भिता सांगतो.

मग जिल्ह्याहून एक साहेब पाहणीला यायचं ठरलं. त्या सकाळी पार्थसाहेब आरतीताईला म्हणाले, “मॅडम, ती मिस्ड कॉलची तपासणी आजच्या दिवस काढून टाका. एका बाईच्या फोनवर अख्खी यंत्रणा लाल दाखवायची म्हणजे आपलं हसं होईल.”

“न्हाई काढनार,” आरतीताई म्हणाली.

“दोन्ही सर्व्हर नव्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ चालू आहेत. तसा अहवाल आहे माझ्याकडे!”

“अव्हाल तुमच्याजवळ ठेवा. लेकरं तिकडं उघड्यावर हायेत.”

चार वाजता साहेब माझ्यासमोर उभे होते. चाचणीचा हुकूम निघाला. भोंग्याने ‘वाजलो’ म्हणून उलट निरोपही दिला. चार वाजून पाच मिनिटं झाली. मिस्ड कॉल नाही. मी लाल झालो आणि अशी शिट्टी मारली की साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला.

“बाई विसरल्या असतील,” पार्थसाहेब घाईघाईने म्हणाले आणि मला गप्प करायला हात पुढे केला. आरतीताई मध्ये उभी राहिली. तिने सगळ्यांदेखत रतनबाईंना फोन लावला.

“न्हाई वो ताई, आज भोंगा वाजलाच न्हाई,” पलीकडून आवाज आला. “म्या कान लावूनच बसले हुते.”

“सर्व्हर तर म्हणतोय वाजला,” पार्थसाहेब म्हणाले.

“त्याला म्हनावं, हितं यिऊन आयक!”

जिल्ह्याचे साहेब हसले नाहीत. त्यांनी गाडी काढायला सांगितली. मी टेबलावरच राहिलो. पुढचं काही मला कॅमेऱ्याच्या फोटोंतून कळलं आणि काही आरतीताईने आल्यावर सांगितलं.

खांबावरच्या भोंग्यात गोणपाटाचा हा एवढा बोळा कोंबलेला होता. तो कोंबला होता, खांब ज्या रानात आहे त्याचे मालक श्रीमंतराव यांनी. ते खाली मान घालून म्हणाले, “म्हैस नवीच व्यालीय. भोंगा वाजला की दचकती आन पान्हा चोरती. आजच कोंबला हुता. काढनार हुतो मी.”

“कवा? लेकराला वढून नेल्यावर?” रतनबाईंनी विचारलं. आरतीताई ओढणी खोचून स्वतः शिडीवर चढली आणि बोळा उपसून खाली फेकला. मग हा गुंता कसा सोडवायचा यावर बोलणी सुरू झाली. म्हशीची दावण घरामागे हलवावी, असं ठरेपर्यंत दिवस मावळला.

साडेसहाला त्या कॅमेऱ्याचा फोटो आला. उसाच्या कडेला, कोप्यांपासून चाळीस पावलांवर तो उभा होता. हा फोटो साठवणीतला नव्हता. सर्व्हरने ओळखला, हुकूम सोडला आणि या खेपेला भोंगा मोकळ्या गळ्याने ओरडला. चुलीजवळ बसलेल्या मोनिकाला रतनबाईंनी बखोटीला धरून उचललं. बायांनी परातींवर उलथनी बडवली. श्रीमंतराव काठी घेऊन पुढे धावले. पुढच्या फोटोत बिबट्याची पाठ होती आणि त्याच्या पुढच्या फोटोत नुसता ऊस. दोन मिनिटांनी माझ्या नंबरावर मिस्ड कॉल आला. चाचणीची वेळ नव्हती, तरी आला. इतक्या वर्षांत माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. माणसांवर अवलंबून असलेली तपासणी काढावी आणि कालबाह्य संगणक हटवावा, असं त्यात लिहिलं होतं. आरतीताईने ते मोठ्याने वाचलं, लाल पेनाने त्यावर ‘अमान्य’ लिहिलं आणि त्याच दुपारी बाकीच्या दहा गावांतले दहा नंबर माझ्यात भरले. त्यांत एक बन्सीचा आहे. टोळी गावाकडे परतल्यावर रतनबाईंच्या जागी फोन कोणी करायचा, तेही ठरलंय. ते काम श्रीमंतरावांनी स्वतःहून मागून घेतलं.

मित्रांनो, मला रोज पुसा किंवा दसऱ्याला हार घाला, असं माझं मागणं नाही. तुमच्या गावात, शाळेत, दवाखान्यात जी यंत्रं चालतात, ती ज्यांच्यासाठी चालतात त्यांना जाऊन विचारत जा, की तुमच्यापर्यंत पोचलं का? आणि राखणदार लाल झाला तर त्याचं तोंड दाबू नका. माझं बटण बंद करायला जो कोणी येणार असेल, त्याने आधी एक संध्याकाळ त्या कोपीपुढे उसाकडे पाठ करून बसावं. मोनिका तिथेच खेळत असते. अंधार पडेपर्यंत बसावं आणि मग खुशाल यावं. मी चालूच असेन.