रवळनाथप्रसादचा ढिला दोर

मित्रांनो, मी एक जुना मचवा आहे. माणसं आपलं वय चोरतात, मी चोरणार नाही; चोरून उपयोगही नाही, माझ्या फळ्या ते सगळ्यांना सांगतातच. रे रोडला लाकडाच्या वखारी आहेत ना, त्यांच्या मागे एक लहानसं शांत बंदर आहे. तिथे धक्क्याला मला बांधून ठेवलेलं असतं. भरतीला मी सरळ उभा राहतो आणि ओहोटीला चिखलात कुशीवर कलंडतो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'रवळनाथप्रसाद' असं नाव लिहिलेलं होतं. आता त्यातली चारदोन अक्षरं तेवढी उरली आहेत.

माझा जन्म मालवणचा. अंग सागाचं, फासळ्या फणसाच्या. सुताराने फळीला फळी जोडली आणि मधल्या फटींत कापूस ठासून भरला, वरून माशाचं तेल चोपडलं. त्या कापसावर मी तरंगतो, हे मला फार उशिरा कळलं. लाकडाला वाटतं, सगळं आपल्याच जोरावर चाललंय!

तारुण्यात मी कौलं वाहिली, नारळ वाहिले, आंब्याच्या पेट्या वाहिल्या. वारा पाठीशी असला की मोठमोठी गलबतं मागे टाकायचो. दत्ताराम माझ्यावर पोरगा खलाशी म्हणून आला, माझा तांडेल म्हणजे कप्तान झाला आणि माझ्यावरच म्हातारा झाला. "ह्येका नुसती हाक मारा, वळता," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि मी खरोखरच थोडा जास्त डौलाने वळायचो. स्तुती कोणाला आवडत नाही?

पुढे मालमोटारी आल्या, इंजिनाच्या होड्या आल्या. शिडाच्या मचव्याला कोण विचारतो? वखारवाल्याने मला विकत घेतलं आणि फळ्या ठेवायला बांधून टाकलं. राखणीला दत्ताराम राहिला. बायको वारलेली, गावचं घर भावाकडे. माझ्या मागच्या बाजूला एक खोपट आहे, तेच त्याचं घर झालं.

त्याची एकुलती एक मुलगी राधा. ती डिलाईल रोडच्या चाळीत दिली होती. जावई शिवा गिरणीत विणकर, सांचे खात्यात, म्हणजे मागावर. दत्तारामला हे स्थळ मनापासून कधी रुचलं नाही. सुताशी खेळणारा माणूस म्हणजे त्याच्या लेखी अर्धाच माणूस. जावयाचा मान म्हणून तोंडाने तो "जावयबापू, तुमी" असं म्हणायचा. पण असा म्हणायचा, की त्यापेक्षा अरेतुरे केलेलं बरं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. द्वैभाषिक राज्य येऊन वर्ष झालं होतं आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याशिवाय गिरणगाव गप्प बसायला तयार नव्हतं. शिवा चाळीचाळींतून सभा भरवायचा, भिंतींवर पत्रकं चिकटवायचा. गिरणीने त्याला काढून टाकलं. मग पोलीस दोनदा खोलीवर येऊन गेले. तेव्हा एका संध्याकाळी तो राधाला घेऊन माझ्यावर राहायला आला. एक ट्रंक, एक स्टोव्ह, आणि राधाला आठवा महिना सरत आलेला.

"या जावयबापू," दत्ताराम म्हणाला. "पण हय गिरणीचो भोंगो वाजाचो नाय हां. हय दर्याच्या येळेन उठूचा लागता."

माझ्यावरचा संसार तुम्हाला गंमतीचा वाटेल. ओहोटीला मी कललो की राधाच्या ताटातली भाकरी आपोआप शिवाच्या ताटाकडे सरकायची. पिण्याचं पाणी होडीतून आणायचं, लुगडं डोलकाठीला वाळत घालायचं. शिवाला पहिले आठ दिवस पोटात अन्न ठरेना. ठरायला लागलं तेव्हा त्याचे हात शिवशिवू लागले. सासऱ्याचं आयतं खायची त्याला लाज वाटत होती. तो दोरखंडांची नीट वेटोळी करून ठेवायचा; दत्ताराम ती उलगडून आपल्या पद्धतीने पुन्हा करायचा. राधा दोघांकडे बघून मान खाली घालायची.

कार्तिकातल्या अमावास्येची सकाळ उजाडली ती तांबूस आणि घामट. वारा बिलकूल नव्हता. बंदरावरच्या काठीला वादळाचा बावटा चढला होता. मला त्याची गरज नव्हती, पाणी माझ्या पोटाखाली वेगळंच हलत होतं. आणि नेमक्या त्याच सकाळी राधाच्या पोटात कळ आली. दिवस अजून भरले नव्हते.

हॉस्पिटलात न्यायचं तर नाव-पत्ता सांगावा लागणार, आणि शिवाचं नाव पोलिसांच्या यादीत. राधा नको म्हणाली. दत्तारामने होडी सोडली.

"सुंदराबायक घेवन येतंय," तो म्हणाला. सुंदराबाई म्हणजे डिलाईल रोडची सुईण, अर्ध्या चाळीची बाळंतपणं तिच्या हातची. होडीत पाय टाकताना तो वळला. "जावयबापू, दोर ढिले आसत. ते तसेच ऱ्हवांदेत. हात लावू नकात."

का, ते त्याने सांगितलं नाही. तांडेलांना कारणं द्यायची सवय नसते, मित्रांनो. ती त्याची चूक.

शिवाची चूक पुढे झाली. दहाच्या सुमाराला वारा सुटला. मी धक्क्यापासून दहा-बारा हात लांब, चिखलात नांगर, पुढे एक दोर, मागे एक दोर, दोन्ही भरपूर सैल. लाट आली की मी मागे जायचो आणि दोर ताठला की हिसका बसायचा. प्रत्येक हिसक्याला आत राधा कण्हायची. शिवा खोपटाच्या दाराशी बसून त्या सैल दोराकडे बघत होता. दहा वर्षं ज्याने सांच्यावर काम केलं, त्याला सैल धागा डोळ्यांत सलतो. सैल धागा म्हणजे कापडात खोट, खोट म्हणजे मुकादमाची शिवी. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे नुसता. दोर ताणला तर हिसका बसणार नाही, राधाला त्रास होणार नाही.

तो उठला. दोन्ही दोर अंगातलं सगळं बळ लावून त्याने आवळले, माझ्या खुंट्यांना वेढ्यावर वेढे दिले आणि वर गाठी मारल्या. मी ओरडलो, पण लाकडाचं ओरडणं माणसाला नुसतं करकरणं वाटतं.

हिसके थांबले. "आता बरं वाटतंय ना गं?" त्याने आत डोकावून विचारलं. राधाने मान हलवली. अर्धा तास खरंच बरं वाटलं.

अमावास्येची भरती भर दुपारी असते. त्यात वाऱ्याने बाहेरचा समुद्र बंदरात ढकलायला घेतला. पाणी धक्क्याच्या काठाला लागलं, मग धक्क्यावर चढलं. मला वर उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. दोन्ही दोर मला खाली धरून ठेवत होते. मागचा दोर बंदुकीसारखा आवाज करून तुटला. पुढचा मात्र तुटेना. माझी पुढची बाजू खाली, मागची वर, आणि पुढून पाणी आत यायला लागलं.

तेव्हा शिवाला कळलं. तो पाण्यातून धडपडत पुढे आला आणि गाठ सोडायला लागला. भिजलेला दोर आणि त्यावर माझं सगळं वजन. गाठ दगडासारखी झाली होती. त्याची नखं तुटली. बोटांतून रक्त यायला लागलं.

आतून राधाचा आवाज आला, कळांच्या मधून. "अवो! दोर आवळलात काय तुमी?"

"आवळला गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"बाबांनी ढिलो कित्याक ठेवलेलो, कळला आता? कुऱ्हाड घेवा! कापा तो!"

ती तांडेलाची लेक. शिवाने कुऱ्हाड उचलली आणि मागे पाहिलं. माझ्या मागे वखारीचे सागाचे ओंडके पाण्यात सुटले होते, एकमेकांवर आपटत होते. माझा नांगर चिखलातून घसरत होता. दोर कापला तर वारा मला सरळ त्या ओंडक्यांवर नेऊन फोडणार. न कापला तर मी आहे तिथेच बुडणार. कुऱ्हाड त्याच्या हातात तशीच राहिली. मी आयुष्यात बरीच वादळं पाहिली, पण माझ्या पोटात जन्माला यायचं एक मूल आहे आणि मला काहीच करता येत नाही, अशी वेळ कधी आली नव्हती. मी घाबरलो होतो, मित्रांनो. उगाच कशाला लपवू?

"जावयबापू!"

धक्क्यावर गुडघाभर पाण्यात दत्ताराम उभा होता. मागे सुंदराबाई, डोक्याला पदर गच्च गुंडाळलेला, काखेत बोचकं. होडीने माझ्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. दत्तारामने एका नजरेत सगळं ओळखलं. वखारीच्या दगडी खांबाला त्याने एक दोर बांधला आणि दुसरं टोक वाऱ्याचा अंदाज घेऊन फेकलं. पहिल्यांदा पाण्यात पडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा शिवाने झेप घेऊन पकडलं. पण ते कसंबसं माझ्या काठापर्यंत पोचत होतं. खुंट्याला बांधायलाही पुरेना, मग ढील कुठून देणार?

"आखूड पडतोय, मामा!"

"जोडा! डोलकाठीकडे लांब दोर आसा, त्येका जोडा! गाठ मारूक येता काय तुमका?"

शिवाने लांब दोर ओढून घेतला. सांच्यावर धागा तुटला की विणकराला तो जोडायला पापणी लवेपर्यंतच वेळ मिळतो. दहा वर्षं, दिवसातून शेकडो वेळा. त्याने त्याचं एक टोक डोलकाठीच्या बुंध्याला बांधलं. दुसरं टोक सासऱ्याच्या दोराला लावलं, एक दुमडलं, दुसरं त्यातून घेतलं, मागून फिरवलं, ओढलं. रक्ताने माखलेली बोटं, आणि तरी मनगटाएवढ्या दोराला त्याने सुतासारखी गाठ मारली.

"धरतली काय?" दत्ताराम ओरडला.

"माहीत नाय!" असं म्हणून शिवाने कुऱ्हाड हाणली.

दुसऱ्या घावाला जुना दोर तुटला. मी बुचासारखा वर उसळलो. वाऱ्याने मला ओंडक्यांकडे लोटलं, लांब दोर सरसरत सुटला, ताठ झाला, आणि सगळा भार त्या एका गाठीवर आला. गाठ आवळली. मी तिथेच थांबलो. ओंडके माझ्यापासून एका हातावर होते.

गाठ धरली.

पाणी उतरायला लागल्यावर दत्तारामने सुंदराबाईला होडीत घातलं आणि आणलं. ती चढता चढता म्हणाली, "मेल्यांनो, बाळंतपणाला काय जागा शोधलीत!" आणि शिवाला ढकलून आत गेली. दिवेलागणीला माझ्या खोपटात मुलगी रडली. तिचं नाव दुर्गा.

दत्ताराम पुढे जाऊन ती गाठ चाचपत बसला होता. शिवा त्याच्याजवळ उभा राहिला.

"मामा, दोर मीच आवळला होता. तुम्ही सांगूनही."

"ता माका धक्क्यावरसूनच कळला," म्हातारा म्हणाला. गाठीवरून त्याने अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ही गाठ खय शिकलास?"

"गिरणीत. तुटलेला धागा जोडायची. विणकराची गाठ म्हणतात."

"हीच आमची शिडाची गाठ. माझ्या बापाशीन माका शिकयलेली. झिला, दोर आवळूचो नसता रे. पाण्याक वाढूक जागा ठेवची लागता. ह्या मी तुका सकाळीच सांगूक व्हया होता."

झिला म्हणजे मुला. जावयबापू त्या दिवसापासून संपला.

पुढे पोलिसांचा ससेमिरा थांबला, शिवाला दुसऱ्या गिरणीत काम मिळालं, ती तिघं डिलाईल रोडला परत गेली. दत्तारामने एका पावसाळ्यात माझ्याच खोपटात डोळे मिटले. त्यानंतर मला तेल लागलं नाही. फटींतला कापूस कुजून बाहेर येतो आणि कावळे तो घरट्याला नेतात. महाराष्ट्राचं राज्य झालं त्या दिवशी शिवा दुर्गाला खांद्यावर घेऊन आला होता आणि माझ्या उघड्या डोलकाठीला त्याने झेंडूची माळ बांधली. ती सुकून गेली तरी मी बरेच दिवस सांभाळली.

आता पुन्हा वादळाचे दिवस आले आहेत. परवा वखारीच्या नव्या राखणदाराने माझा दोर आवळून नीटनेटका केला. त्या बिचाऱ्याला कोणी काही सांगितलेलं नाही. दोन दिवस मी पाण्याकडे बघत जीव मुठीत धरून होतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी घ्या म्हणजे तिला नुसती घट्ट बांधून ठेवू नका. आणि एखादी गोष्ट कशासाठी करायची ते माहीत असेल, तर समोरच्याला सांगायला लाजू नका.

आज पहिली पाळी सुटल्यावर शिवा आला. अंगावर सुताचे तंतू तसेच होते. दोर बघून त्याने कपाळाला हात लावला, राखणदाराला हाक मारली आणि त्याच्यासमोर गाठ सोडून चांगली वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढी, ढील दिली. त्या वादळात मारलेल्या गाठीच्या जुन्या जोडाला मात्र त्याने हात लावला नाही. तो अजून तसाच आहे. दुर्गा धक्क्यावर उभी राहून बघत होती.

"बाबा, सैल का केलास?"

शिवा तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिला नीट, सगळं कारण सांगू लागला.