लोखंडबुवाचं मडकं

बाजाराच्या दिवशी औंढ्याच्या द्राक्षबागेला सुट्टी असे, आणि बागेच्या कुंपणापाशी जो उंबर आहे त्याच्याखाली मुंगीला वाट मिळू नये इतकी माणसं जमत. काखेत लेकरं, डोक्यावर पाट्या, अंगावर घोंगड्या. बाजार राहिला बाजूला. सगळ्यांचे डोळे एका मडक्यावर.

मडक्यात हळदीचं पाणी, वर बेलाची पानं इतकी दाट की पाण्याचा रंग दिसू नये. मडक्यामागे लोखंडबुवा. हा कुठून आला ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे गिरनारहून, कुणी म्हणे नाशकाकडून. तो स्वतः काहीच सांगत नसे, त्यामुळे सगळंच खरं ठरे.

रोग्यानं घरून लोखंडाची वस्तू आणायची. खिळा, दाभण, विळा, काहीही. ती राखेनं घासून लख्ख करायची. मग रोग्यानं आपले दोन्ही हात मडक्यात बुडवायचे. बुवा डोळे मिटून पुटपुटे. त्या पुटपुटण्यात तीन देव, दोन नद्या आणि मधूनच एखादं रेल्वेचं स्टेशनही येऊन जाई. लोक म्हणत, संस्कृत आहे.

"सोनं खोटं बोलंल, चांदी खोटं बोलंल," बुवा म्हणे. "लोखंड गरिबाचं हाय. त्ये खोटं बोलत न्हाई."

आणि खिळा पाण्यात जाई. थोड्या वेळानं वर येई तो तांबडा होऊन. पांढरं लखलखीत लोखंड, नव्या तांब्याच्या भांड्यासारखं लाल. गर्दीचा श्वास एकदम आत जाई.

"प्यालं," बुवा हळूच म्हणे. "रोग्याच्या अंगातलं निळं ईख लोखंडानं पिऊन टाकलं."

मग बायका आपापल्या हातांकडे बघत. कारण त्यांचे हात खरंच निळे होते.

दुसरी जर्मन लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. पुण्याच्या एका रावसाहेबांनी हौसेनं इथे द्राक्षं लावली होती. मावळची हवा ओली. पानाला बुरशी धरायची, म्हणून सारखं औषध मारावं लागे. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा खार, फडक्यात बांधून लाकडी पिंपात टांगायचा, तो विरघळला की त्यात कालवलेला चुना ओतायचा, आणि ते आभाळाच्या रंगाचं पाणी पाठीवरच्या पंपांनी वेलींवर उडवायचं. पिंप ढवळायला, घागरी भरायला बायका. डोंगराकडच्या वाड्यांवरून दिवस उगवायच्या आत त्या येत आणि वेलींखाली वाकून गात:

निळी माझी बोटं बाई, निळी नखांची गं कोर
कशी भरवू मी घास, भुकेजलं माझं पोर

ओवीतलं दुखणं खरं होतं. नखांतला निळा जात नसे, त्याच हातांनी भाकरी मोडायची, आणि पोटात मळमळे. त्यात कार्तिक लागला की वाड्यांवर ताप येई. माणूस हुडहुडी भरून गोधडीखाली थडथडे, घाम येऊन उठे, आणि एक दिवसाआड पुन्हा पडे. बुवानं ताप आणि निळे हात यांची गाठ मारून दिली. गाठ मारायला त्याला कष्ट पडले नाहीत.

औषधाचं पिंप तयार झालं की मुकादम त्यात घासलेला विळा बुडवून बघतो. विळ्यावर तांब्याची तांबडी चढली तर मोरचूद मोकळा आहे, पान जळेल, आणखी चुना घाला. तांबडी चढली नाही तर औषध जमलं. हे प्रत्येक बाईनं रोज पाहिलेलं. म्हणून बुवाच्या मडक्यातून खिळा तांबडा होऊन आला तेव्हा त्या फसल्या त्या अडाणीपणानं नव्हे. त्यांनी अगदी बरोबर ओळखलं की पाण्यात मोरचूद आहे. फक्त तो पाण्यात आला कुठून, इथे चुकल्या. हात बुडवला माझा, म्हणजे मोरचूद आला माझ्या अंगातून. झालं. त्यांचं रोजचं काम बुवाचा साक्षीदार झालं.

गर्दीच्या कडेला मुकादम रखमाजी उभा असे. तो कधी पुढे आला नाही आणि कधी हसलाही नाही. कारण मोरचूद कुठून आला ते त्याला ठाऊक होतं. त्यानंच दिला होता.

पावसाळा सरताना बुवा बागेत आला होता. चिखलपाण्यानं पायाच्या बोटांत झालेल्या चिखल्यांना लावायला थोडा मोरचूद मागितला. रखमाजीनं ओंजळभर दिला. पुढल्याच बाजारी उंबराखाली मडकं मांडलं गेलं, आणि पहिला खिळा तांबडा होऊन आला तेव्हा रखमाजीला सगळं उमगलं. तेव्हाच बोलला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

बोलला नाही, कारण सोयीचं होतं. त्याआधीच्या साली ताप लागला की रोज कुणीतरी त्याच्यापुढे येऊन उभं राही: भाऊ, पोर तापलंय, गाडी द्या, लोणावळ्याच्या दवाखान्यात नेऊन आणते. दवाखाना सकाळचा, औषध मारणंही सकाळचं. रावसाहेबांनी बजावलं होतं, आजाऱ्याला बैलगाडी दिली की सगळेच आजारी पडतात. बुवा बसल्यापासून गाडी मागायला कुणी येईना. बायका बाजाराच्या दिवशी रोग उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होत. रखमाजीनं स्वतःची समजूत घातली, खिळा रंगवतोय, रंगवू दे, कुणाचं काय जातंय.

मग सारजाबाईची चिंगी तापानं पडली.

सारजाबाई वरच्या वाडीची. नवरा दोन पावसाळ्यांमागं दरडीखाली गेलेला, आणि ही एक पोर. पोरीला हुडहुडी भरली तशी सारजाबाई रखमाजीकडे आली आणि म्हणाली की पोरीला लोणावळ्याला न्यायचं आहे. रखमाजीनं पंपाची नळी पुसता पुसता, तिच्याकडे न बघता सांगितलं, औषधाचा दिवस आहे, गाडी मोकळी नाही. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "आधी बुवाला दाखव की."

सारजाबाईनं दाखवलं. मुकादम शहाणा माणूस, तोच म्हणाला म्हणून दाखवलं. चिंगीचे इवले हात मडक्यात गेले. त्या हातांनी आयुष्यात पिंप ढवळलं नव्हतं, तरी सुई तांबडी झाली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बुवा म्हणाला, आईच्या दुधातनं उतरलंय, लय जुनं हाय. नुसतं हातावर भागायचं न्हाई, पोटात तीर्थ पायजे. आणि त्यानं त्याच मडक्यातलं पाणी पोरीला पाजलं.

चिंगी ओकली. हिरवं ओकली. गर्दी आनंदली. रोग बाहेर पडला.

रखमाजी गर्दीच्या कडेला उभा राहून बघत होता. चिखल्यांना लावायचा मोरचूद पोटात जाईल हे त्याच्या मनात आलं नव्हतं. तरी तो उभाच राहिला. पुढल्या दिवसांत पोरीला ताप येतच राहिला, बुवा झोपडीवर जाऊन तीर्थ पाजतच राहिला, आणि ती ओकतच राहिली. पोटात काही ठरेना. डोळे खोल गेले. बुवा सांगे की रोग हट्टी आहे, आणि दवाखान्याचं पाणी पोटात गेलं तर उलटून बसेल.

घरी रखमाजीची बायको धोंडाबाई ताट वाढून वाट बघे. हा भात चिवडून उठे. एकदा ती म्हणाली, "आपलं पोर तापलं तवा जेवत नव्हतात. आता कुणाचं तापलंय?" 

दुसऱ्या दिवशी सारजाबाई कामावर आली. पोरीपाशी शेजारणीला बसवून आली होती, खाडा झाला की काम जातं म्हणून. पिंप ढवळता ढवळता थांबली आणि सरळ रखमाजीकडे बघून तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"भाऊ, तुमचा हौशीराम तापला हुता तवा तुमी त्याला कुटं नेलता?"

रखमाजी उभा राहिला. मागे बैल रवंथ करत होते. त्याच बैलांच्या गाडीतून, औषधाच्याच दिवशी, त्यानं आपल्या हौशीरामाला लोणावळ्याला नेलं होतं. तिथल्या लीलाबाई डॉक्टरणीनं तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या होत्या आणि पोरगा चार दिवसांत अंगणात खेळत होता.

"लोणावळ्याला," तो म्हणाला.

"बुवाकडं न्हाई नेला?"

"तवा बुवा नव्हता."

"असता तर नेला असता का?"

  त्यानं बैल सोडले, गाडी जुंपली आणि बागेतून बाहेर काढली. औषध अर्धवट पिंपात राहिलं. सारजाबाई मागून धावत आली.

सारजाबाईच्या झोपडीपाशी बुवा मडकं घेऊन बसलाच होता. दाराशी वाडीची माणसं जमलेली. चिंगी आत फडक्यासारखी पडलेली. गाडी बघून बुवा म्हणाला, आता हलवलं तर पोर वाटेत जाईल, मग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई. माणसं दार अडवून उभी राहिली. ती पोरीला नेऊ देणार नव्हती.

रखमाजीनं कमरेचा विळा काढला. चुलीतली राख घेऊन घासला, पातं आरशासारखं होईपर्यंत. मग म्हाताऱ्या गोविंदाकडे वळला. गोविंदा वाडीचा जुना माणूस, लोक त्याचं ऐकत.

"आबा, अजून कुणाचा हात बुडला न्हाई ना मडक्यात?"

"न्हाई. पाणी आत्ताच ताजं केलंय बुवानं."

"मग मी लोखंड आधी बुडवतो. रोगी मागनं."

बुवा मडक्यावर वाकला. म्हणाला, उलटा विधी केला तर देवी खवळंल, विळा धरणाऱ्याचा हात झडंल.

"झडू दे," रखमाजी म्हणाला. "झडायलाच पायजे त्यो."

त्यानं विळ्याच्या टोकानंच बेलाची पानं बाजूला सारली आणि पातं पाण्यात धरलं. कुणी मंत्र म्हटला नाही. थोड्या वेळानं विळा वर काढला. पातं बुडलं होतं तिथवर तांबडं.

 गोविंदानं विळा हातात घेतला, बोटानं पुसला, पुन्हा पुसला.

"ह्यात कुणाचा रोग उतरला मग?" त्यानं बुवाला विचारलं. "मुकादमाच्या विळ्याचा?"

बुवा म्हणाला की मुकादमाच्याच अंगात ईख असेल, रोज मोरचुदात वावरतो. पण रखमाजीची बोटं पाण्याला लागलीच नव्हती, हे समोर उभ्या सगळ्यांनी पाहिलं होतं. मग रखमाजी बोलायला लागला, आणि अर्ध्यावर थांबणं त्याच्या हाती राहिलं नाही: या पाण्यात मोरचूद आहे, तुमच्या अंगातून आलेला नाही, मडक्यात आधीच घातलेला आहे. हळद टाकली की निळ्याचं हिरवं होतं. पोर ओकते ती रोगानं नाही, मोरचूद पोटात गेल्यावर कुणीही ओकेल. आणि तो मोरचूद मी दिला. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं.

बुवानं एव्हाना चिमटा, झोळी आवरली होती. कुणी त्याला मारलं नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे रखमाजीकडे बघत होते, आणि त्या नजरांखाली तो माणूस भर दुपारी अंधारात उभा असल्यासारखा दिसत होता.

दारातली माणसं बाजूला झाली. चिंगीला गाडीत ठेवलं.

लोणावळ्याला लीलाबाईंनी पोरीची पापणी उलटून पाहिली, पोट चाचपलं, पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली आहे म्हणाल्या. ताप हिवाचा, डासांनी आणलेला. तुमच्या बागेतल्या उघड्या हौदात डास वाढतात आणि संध्याकाळी वाडीवर येतात. निळ्या हातांचा या तापाशी संबंध नाही. हात चिंचेच्या पाण्यानं चोळून, धुऊन जेवायला बसा म्हणजे पोटातली मळमळ थांबेल, ते दुखणं वेगळं. एकट्या तापानं हिला एवढं खाल्लं नसतं. हिला काय पाजलं?

रखमाजीनं सांगितलं. डॉक्टरीणबाई लगेच पोरीच्या ओठांना चमच्यानं पाणी लावायला लागल्या. पुढचे काही दिवस ती वाचेल की नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही.

चिंगी वाचली. फार हळू वाचली. भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा रखमाजी दवाखान्याच्या ओट्याशी आला आणि सारजाबाईपुढे हात जोडून उभा राहिला. माझ्या हातून पाप झालं, म्हणाला.

सारजाबाई पोरीचे केस विंचरत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"त्यो बुवा पोटासाठी लबाडी करीत हुता, भाऊ. त्याला मी कवाच इसरले. तुमाला ठावं हुतं." मग म्हणाली, "दर बाजाराला गाडी हिकडं येऊ द्या, वाडीवरच्या आजाऱ्यांना घिऊन. माफीचं मागनं बघू."

रावसाहेब चिडले. रखमाजीनं सांगितलं, गाडी जाणार, नाहीतर दुसरा मुकादम बघा. गाडी जाऊ लागली. हौदावर झाकण आलं. पुढल्या कार्तिकात ताप आला तो थोडा आला आणि गोळ्यांनी गेला. सारजाबाई अजून रखमाजीशी कामापुरतंच बोलते, आणि तो त्याहून जास्त मागत नाही.

वाचकहो, बुवा कुठल्याशा दुसऱ्या गावी मडकं मांडून बसला असेल. तिथेही कुणीतरी त्याला ओंजळभर मोरचूद दिला असेल आणि मग कडेला उभं राहून गप्प बघत असेल. आपल्यापैकी ज्याला पाण्यात काय आहे हे ठाऊक आहे, त्यानं त्याच दिवशी बोलावं. उद्या बोललेलं खरं कुणाच्या तरी लेकराच्या जिवावर उशिरा पोचतं. ज्याला ठाऊक नाही, त्यानं एवढंच म्हणावं, बुवा, माझा हात बुडवायच्या आधी लोखंड बुडवून दाखवा. आणि पोर तापलेलं असेल तर तेवढ्यासाठीही थांबू नये. आधी गाडी जुंपावी.