बीजानंदबाबांचं जुळं बी

वाडीच्या त्या गोदामात पूर्वी टायर ठेवायचे. गेल्या दोन महिन्यांपासून तिथे चमत्कार होऊ लागले होते. अमरावती रोडवर ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले, तरी बायकांची रांग रस्त्याच्या कडेवरून हलत नव्हती. आत स्टेजवर बीजानंदबाबा बसले होते. कफनी संत्र्याच्या रंगाची, उपरणं संत्र्याच्या रंगाचं, आणि मेंदी जरा जास्तच लागल्यामुळे दाढीही त्याच रंगाची. समोरच्या टेबलावर काचेचे ग्लास ओळीने मांडलेले. ग्लासात ओला कापूस, कापसावर बी आणि बीतून निघालेला हिरवा अंकुर.

"पाहा, माताओ!" बाबांचे पट्टशिष्य भैयाजी माइकवर गरजले. "हे डावीकडचं पापी बीज. बाबांचा हात लागला नाही. किती अंकुर?"

"एक!" गर्दी म्हणाली.

"आणि हे उजवीकडचं पुण्यबीज. बाबांनी यावर फक्त फुंकर घातली. किती?"

"दोन!"

"आणि हे त्याच्या बाजूचं?"

"तीन!"

"त्या दिवशी बाबा फार खुशीत होते!" भैयाजींनी सांगितलं आणि टाळ्यांनी पत्रे थरथरले.

तिसऱ्या रांगेत दीपमाला आपला ग्लास छातीशी धरून बसली होती. तिच्याही बीला दोन अंकुर होते. एकवीस दिवसांपूर्वी बाबांनी ते बी तिच्या ओंजळीत टाकलं होतं. "दोन फुटले तर जुळे समज, बेटी. पण एक नियम. ज्या पोटात औषध, त्या पोटात बीज रुजत नाही."

दीपमालाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपासून रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार चालू होते. सुया टोचून घेऊन दंड निळे पडले होते. त्यापुढे रोज सकाळी उठून ग्लासात डोकावणं किती सोपं! चौदाव्या दिवशी दोन हिरवे कोंब दिसले तेव्हा ती आणि तिची सासू रुख्मिणी, दोघी गळ्यात पडून रडल्या होत्या. गोळ्या तर पहिल्याच दिवशी बंद झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंचे फोन ती उचलत नव्हती.

आज रुख्मिणीबाईंनी शेजारच्या पार्वतीबाईंनाही ओढून आणलं होतं. पार्वतीबाई तीस वर्षं संत्र्याच्या रोपवाटिकेत कलमं बांधून निवृत्त झालेल्या. "तुमचा विश्वास नाही ना? चला, डोयानं पाहा!" असं रुख्मिणीबाई म्हणाल्या होत्या.

पार्वतीबाईंनी दीपमालाच्या ग्लासात पाहिलं. मग टेबलावरच्या ग्लासांकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरलं नाही.

"काहून हासून राहिल्या?" रुख्मिणीबाई चिडल्या.

"हे तं संत्र्याचं बी होय. अन् ते बाबाचं पापी बी पपनसाचं! बाबानं अर्धा खेळ तं तिथंच जिंकला."

"हळू बोला वं!"

पण पार्वतीबाईंना हळू बोलता येत नव्हतं. रोपवाटिकेत शंभर वाफ्यांपलीकडच्या बाईला हाक मारायची सवय. सगळ्या गोदामाने ऐकलं.

बाबांनी डोळे मिटले. "माते, शंका म्हणजे बीजाला लागलेली कीड."

"कीड असली तं फवारा मारू ना, बाबा. आधी बी पाहू द्या." त्या थेट स्टेजजवळ गेल्या. "दीपमाला, बाहेर गाडीवाला उभा हाय. एक संत्रं आण. तूच निवड."

दीपमाला जागची हलेना. आपल्या ग्लासातले दोन कोंब तिला दिसत होते. ते खोटे निघाले तर? आणि खरे असले तर एका संत्र्याने त्यांचं काय बिघडणार? ती उठली. सासूने पदर धरला, तो तिने हळूच सोडवला.

तिने गाडीवरच्या ढिगाच्या तळातलं एक संत्रं काढलं, आत येऊन सगळ्यांसमोर सोललं आणि फोडीतून एक बी काढलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "नखानं वरचं साल काढ. आता आतला पापुद्राही."

आत पिस्त्यासारखा हिरवा गर होता. दीपमालाने तो तळहातावर दाबताच त्याचे तुकडे वेगळे झाले. एक मोठा, दोन मधले, एक अगदी बारका. प्रत्येकाला आपलं चिमुकलं टोक.

"चार!" पुढच्या रांगेतली बाई ओरडली.

"याच्यावर कोणी फुंकर घातली?" पार्वतीबाईंनी विचारलं.

भैयाजी तत्परतेने म्हणाले, "बाबांची कृपा हवेतून गेटाबाहेरपर्यंत जाते!"

"मंग ह्या बायकांले रांगेत काहून उभं करता? गाडीवरून संत्रे घेऊन घरी जाऊ द्या ना!"

आता गर्दीत खसखस पिकली. पार्वतीबाईंनी डावीकडच्या ग्लासातलं पापी बी उचललं. संत्र्याच्या बीच्या दुप्पट मोठं, चपटं. साल काढलं तर आत पांढरा गर आणि एकच जीव. एवढ्यात कुणीतरी टेबलाची चादर वर केली. खाली अर्धं खाल्लेलं पपनस होतं, शेजारी मिठाची पुडी.

"बाबांचा उपवास आहे," भैयाजी पुटपुटले.

"पण काकू, एका बीत चार कसे?" दीपमालाने विचारलं.

"आमचे नर्सरीचे साहेब सांगत. फुलाच्या पोटात बारकं बीजांड असते. पराग आला का त्याच्यात एक गर्भ धरते. तो आईबापाचा. मंग बीजांडाचं बी होते. पपनसात तेवढंच. पण संत्र्यात त्या गर्भाभोवती आईच्या अंगाचा जो गर असते ना, त्यालेही कोंब फुटतात. ते सगळे आईचीच नक्कल. त्यात बापाचं काहीच नाही. आम्ही तं वाफ्यात रोज पाहो. एका बीले दोन-तीन रोपं. कमजोर दिसे ते उपटून फेको."

रुख्मिणीबाई ताडकन उठल्या. जन्मभर ज्यांनी कुठल्याच बाबासमोर मान वर केली नव्हती, त्या थेट बाबांवर बोट रोखून म्हणाल्या, "म्हंजे ह्या जुळ्यांत माह्या लेकाचं, दुर्गेशचं, काहीच नाही? अन् तुमी मले नातू म्हणून दाखवून राहिले?"

अख्खं गोदाम हसलं. बाबांना अचानक समाधीची वेळ झाल्याचं आठवलं. ते मागच्या शटरकडे धावले. शटर अर्ध्यात अडकलं, त्याखालून बाबा निघाले आणि कफनी मात्र आतच राहिली. बाहेर ट्रकवाल्यांनी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला एक नारिंगी दाढीचा माणूस पळताना पाहिला, आणि त्यांनी पुन्हा हॉर्न वाजवले.

दीपमाला हसली नाही. तिने आपला ग्लास उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आई, मी एकवीस दिवस औषध घेतलं नाही. उद्या रामदासपेठेत जाते."

रुख्मिणीबाईंनी मान खाली घातली. "मीच तुले अडवलं वं. मीही येते."

डॉक्टरीणबाई रागावल्या. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. आणि त्यांनी सासूला एक गोष्ट सांगितली, जी दीपमाला दोन वर्षं घरात सांगू शकली नव्हती. दुर्गेशला तपासणीला तीनदा बोलावलं होतं, आणि तीनदा त्याला महत्त्वाचं काम निघालं होतं.

त्या संध्याकाळी दुर्गेश टीव्हीसमोर लोळत होता. रुख्मिणीबाईंनी टीव्ही बंद केला.

"बापाबिगर फक्त संत्र्याचं होते, दुर्गेश. ऊठ. उद्या तुही तपासणी."

तो गेला. दोष त्याच्यातही निघाला, आणि त्यावर औषध होतं. आता दोघं नवराबायको बरोबर गोळ्या घेतात. मूल होईल का, हे डॉक्टरीणबाईंनी छातीठोकपणे सांगितलेलं नाही. खरं बोलणारा माणूस तसं सांगत नाही.

म्हणून, वाचकहो, कुणी तुमच्यासमोर दोन ग्लास मांडले, एक पापाचा आणि एक पुण्याचा, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, "दोन्हींत बी एकाच फळाचं आहे ना?" आणि उत्तराची वाट पाहत बसू नका. साल काढा आणि स्वतः आत पाहा.